उंच डोंगरावरील वाट आणि तिच्या तुकडीचा नायक

पायवाट ही इतकी साधी वस्तु आहे कीं, ती कोणी मुद्दाम तयार केली असेल असा विचार चालणाऱ्याच्या मनांत सहसा येत नाहीं. माणसें चालत गेलीं, गवत मळलें आणि वाट पडली, अशीच आपली समजूत असते. व सपाट प्रदेशांतील पुष्कळ वाटांच्या बाबतींत ती खरीही आहे. परंतु जेथें झाडें वाढूं शकत नाहींत अशा उंच व थंड डोंगरांवर आपोआप पडलेली वाट ही त्या डोंगराला झालेली जखम असते. ती जखम बरी करणें व तिच्या जागीं टिकाऊ वाट बांधणें ही आतां एक स्वतंत्र विद्या झाली असून तरुणांच्या लहान लहान तुकड्या ती अंगमेहनतीनें आचरणांत आणीत असतात. अशा तुकडीचा नायक कसा तयार होतो, व त्याच्या शिक्षणांत कोणत्या गोष्टींस महत्त्व दिलें जातें, याची माहिती विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस करून द्यावी, असा ह्या लेखाचा हेतु आहे. उदाहरणें मुख्यतः अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील घेतलीं आहेत. कारण तेथें हें काम पुष्कळ वर्षें, पद्धतशीरपणें आणि बव्हंशीं तरुण मुलामुलींच्या हातून होत आलें आहे.

डोंगर चढत जावें तसतशी हवा थंड होत जाते, वाऱ्याचा जोर वाढतो, झाडें खुजीं होऊं लागतात, आणि शेवटीं एक मर्यादा अशी येते कीं, तिच्या वर वृक्ष उभाच राहूं शकत नाहीं. ह्या मर्यादेस वृक्षरेषा म्हणतात. ती सर्वत्र सारख्या उंचीवर नसते. अमेरिकेच्या ईशान्येकडील न्यू हॅम्पशायर संस्थानांत व्हाइट मौंटन्स नांवाचे डोंगर आहेत, तेथें ती सुमारें साडेचार हजार फुटांवरच लागते. तर कोलोरॅडो संस्थानांतील रॉकी पर्वतांत ती अकरा-साडेअकरा हजार फुटांवर असते. ह्या रेषेच्या वर जें वनस्पतिजीवन आढळतें तें जमिनीस अगदीं बिलगलेलें असतें. बोट-दोन बोटें उंचीचें गवत, दगडफूल, शेवाळ, आणि उशीसारखे घट्ट गोल झुबके करून राहणारीं इवलीं फुलझाडें, एवढाच तेथला संसार. माती बहुधा कांहीं इंचच जाड असते. उन्हाळा दोन-तीन महिन्यांपेक्षां मोठा नसतो. वर्षाचे उरलेले दिवस बर्फाचे, हिंवाचे व वाऱ्याचे. वाऱ्याचें म्हणाल तर, व्हाइट मौंटन्समधील माउंट वॉशिंग्टन ह्या ६,२८८ फूट उंचीच्या शिखरावरील वेधशाळेंत ता. १२ एप्रिल १९३४ रोजीं ताशीं २३१ मैल वेगाचा वारा मोजला गेला, आणि १९९६ सालापर्यंत ह्याहून मोठा आंकडा पृथ्वीच्या पृष्ठभागावरील कोणत्याही वेधशाळेंत नोंदला गेला नव्हता.

अशा जागीं वनस्पतींची वाढ अत्यंत सावकाश होते, हें सांगावयास नको. बीट्रिस विलर्ड ह्या विदुषीनें रॉकी मौंटन नॅशनल पार्कमध्यें ह्या गोष्टीचा मोठ्या चिकाटीनें अभ्यास केला. त्या उद्यानांतून १९३२ सालीं खुला झालेला ट्रेल रिज नांवाचा रस्ता बारा हजार फुटांवर चढतो. त्यामुळें मोटारींतून उतरून कोणीही सहज त्या कोंवळ्या हिरवळीवर पाय ठेवूं शकतो. विलर्डबाईंनीं १९५८ सालाच्या सुमारास तेथील कांहीं तुडविलेले तुकडे कुंपण घालून राखले व वर्षानुवर्षें त्यांचीं टिपणें ठेविलीं. त्यांस असें आढळून आलें कीं, जी हिरवळ कांहीं उन्हाळ्यांच्या वर्दळीनें नाहींशी होते, ती पूर्ववत् होण्यास शेंकडों वर्षें लागावयाचीं. माणसाच्या एका पिढीनें केलेली नासधूस दहा-वीस पिढ्यांसही भरून येणार नाहीं, असा ह्याचा अर्थ झाला.

ही नासधूस होते कशी, तेंही पाहण्यासारखें आहे. एखादा मनुष्य अशा हिरवळीवरून एकदां चालून गेला तर फारसें कांहीं बिघडत नाहीं. पण शेंकडों माणसें एकामागून एक त्याच जागेवरून जाऊं लागलीं म्हणजे झुबके चिरडतात, मुळें उघडीं पडतात, आणि त्या मुळांनीं आजवर धरून ठेविलेली माती मोकळी होते. मग वारा व पाणी हे दोघे मिळून ती घेऊन जातात. थंडीच्या रात्रीं ओल्या मातींतील पाणी गोठून त्याच्या सुयांसारख्या उभ्या कांड्या बनतात, व त्या मातीचा वरचा थर उचलून धरतात. दिवसा त्या वितळल्या कीं भुसभुशीत झालेली माती उतारावरून घसरते. वाटेंत चिखल झाला म्हणजे चालणारा साहजिकच कडेच्या गवतावरून जातो. दुसऱ्या दिवशीं त्या गवताचाही चिखल होतो, आणि तिसरा मनुष्य आणखी बाहेरून जातो. अशा रीतीनें दोन हात रुंदीची वाट वीस हात रुंद होते, व चढावर तिच्या जागीं ओढ्यासारखी घळ पडते. ह्यांत कोणाचाही हेतु वाईट नसतो. आपले जोडे भिजूं नयेत एवढीच प्रत्येकाची इच्छा असते. माणसांस डोंगरावर येऊंच देऊं नये, हा ह्यावर एक उपाय आहे खरा. पण ज्यानें डोंगराची थोरवी पाहिली नाहीं, तो त्याची काळजी कशाला घेईल? म्हणून जाणत्यांनीं दुसरा उपाय पत्करला. एकच वाट इतकी चांगली, कोरडी व उघड दिसणारी करावी कीं, तिच्याबाहेर पाऊल टाकावेंसें कोणास वाटूं नये.

ह्या उपायाचें फळ किती मोठें असूं शकतें, हें माउंट वॉशिंग्टनजवळच्या एका रोपट्याच्या गोष्टीवरून दिसून येईल. ‘रॉबिन्सचें पोटेंटिला’ ह्या नांवाचें, गुलाबाच्या कुळांतील एक पिवळ्या फुलाचें रोपटें व्हाइट मौंटन्सखेरीज जगांत दुसरीकडे कोठेंही आपोआप उगवत नाहीं. त्याच्या पानांचा गोल झुबका रुपयाएवढा किंवा त्याहून थोडा मोठा. ज्या खडकाळ पठारावर त्याची मुख्य वस्ती, त्याच पठारावरून क्रॉफर्ड पाथ ही वाट जात असे. एबल क्रॉफर्ड व त्याचा मुलगा ईथन ह्या बापलेकांनीं ही वाट १८१९ सालीं पाडली, आणि तेव्हांपासून ती सतत चालू आहे. प्रवाशांच्या पायांखालीं रोपें मेलीं. उरलेल्यांपैकीं कांहीं वनस्पतींचे नमुने गोळा करणारांनीं उपटून नेलीं. १९८० सालीं सरकारनें हें रोपटें नामशेष होण्याच्या मार्गावरील वनस्पतींच्या यादींत घातलें. १९८३ सालीं वाट तेथून हलवून बाजूनें नेण्यांत आली, आणि रोपांच्या वस्तीसभोंवतीं दगडांचा बुटका कठडा रचला गेला. पुढें वनस्पतिशास्त्रज्ञांनीं बियांपासून रोपें वाढवून तीं जवळच्या फ्रॅन्कोनिया रिज ह्या दुसऱ्या डोंगरधारेवरही लाविलीं. २००२ सालीं हें नांव त्या यादींतून काढून टाकण्यांत आलें. तेव्हां मूळच्या पठारावरील रोपांची संख्या चौदा हजारांहून अधिक झाली होती. ज्याला वांचविण्यासाठीं यादींत घातलें तें खरोखरच वांचून यादींतून बाहेर पडलें, असें भाग्य फार थोड्या वनस्पतींना लाभलें आहे. त्या भाग्यांत कायद्याचा वाटा आहे, शास्त्राचा आहे, आणि पाठीवर दगड वाहणारांचाही आहे.

हे दगड वाहणारे कोण? अमेरिकेंत डोंगरांच्या वाटांची जोपासना प्रथम हौशी मंडळींनींच हातीं घेतली. बोस्टन शहरांत १८७६ सालीं स्थापन झालेल्या ‘ॲपलॅचियन मौंटन क्लब’ ह्या मंडळानें १९१९ सालीं उन्हाळ्यापुरती पगारी तरुणांची वाटतुकडी उभी केली, व ती परंपरा अजून चालू आहे. पुढें १९३३ सालीं, देशांत मोठी बेकारी असतांना, अध्यक्ष रूझवेल्ट यांनीं ‘सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअर’ नांवाची योजना काढली. १९४२ पर्यंत सुमारें तीस लाख तरुणांनीं तींत काम करून वने लाविलीं, बांध घातले व वाटा बांधिल्या. प्रत्येकास महिना तीस डॉलर मिळत, व त्यांपैकीं पंचवीस बहुधा परभारें त्याच्या घरीं पाठविले जात. ह्या योजनेंतील एक गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीनें फार महत्त्वाची आहे. शहरांतून आलेल्या मुलांस कुऱ्हाड कशी धरावी हेंही ठाऊक नसे. म्हणून प्रत्येक छावणींत आसपासच्या खेड्यांतील अनुभवी माणसें शिकविण्यासाठीं नेमीत, आणि मुलांतूनच जे हुशार व भरंवशाचे निघत त्यांस नायक करून महिना पंचेचाळीस डॉलर देत. नुसते हात पुष्कळ असून भागत नाहीं, त्या हातांस वळण लावणारा पाहिजे, हा धडा तेथें मिळाला.

१९५५ सालीं व्हासार कॉलेजांतील एलिझाबेथ कुशमन ह्या विद्यार्थिनीनें आपल्या प्रबंधांत अशी सूचना केली कीं, राष्ट्रीय उद्यानांतील कामें करण्यास विद्यार्थ्यांच्या स्वयंसेवक तुकड्या न्याव्या. दोन वर्षांत, म्हणजे १९५७ सालीं, अशा पहिल्या तुकड्या ऑलिंपिक व ग्रँड टेटन ह्या उद्यानांत कामाला लागल्याही. कोलोरॅडोंत चौदा हजार फुटांहून उंच अशीं पन्नासांहून अधिक शिखरें आहेत; तेथील वाटांसाठीं १९९४ सालीं एक स्वतंत्र संस्था निघाली. ह्यांपैकीं पुष्कळ शिखरें १९६४ च्या कायद्यानें ‘रानवट प्रदेश’ म्हणून राखलेलीं असल्यामुळें तेथें यंत्रें चालवितां येत नाहींत. पहार, कुदळ, फावडें, घण, छिन्नी व दोन माणसांनीं ओढावयाचा करवत हींच तेथलीं हत्यारें, व माणसाची अथवा खेंचराची पाठ हेंच वाहन.

आतां विचार करा: सहा ते दहा मुलें, बहुतेक नवशिकीं, बारा हजार फुटांवर, जवळच्या रस्त्यापासून कित्येक तासांच्या चालीवर, हातांत तीक्ष्ण लोखंडी हत्यारें, आणि त्यांच्यावर नेमलेला नायकही वयानें बहुधा वीस-पंचवीस वर्षांचाच. आईबापांनीं आपलीं मुलें त्याच्या हवालीं केलेलीं असतात. सरकारनें आपला डोंगर त्याच्या हवालीं केलेला असतो. आपल्याकडे कामकऱ्यांवर देखरेख करणारास मुकादम म्हणतात. परंतु मुकादमाच्या हाताखालचीं माणसें काम जाणणारीं असतात, व त्यानें तें त्यांजकडून करवून घ्यावयाचें असतें. ह्या नायकास मात्र काम शिकवून करवून घ्यावयाचें, शिकणारांस जपावयाचें, आणि शिकतांना झालेल्या चुकांची किंमत डोंगरास भरावी लागूं नये हेंही पाहावयाचें असतें. म्हणून त्याची तयारी उन्हाळ्यापूर्वीं मुद्दाम करून घेतात. पुष्कळ ठिकाणीं नायक होणारानें आधीं एक-दोन उन्हाळे साध्या कामकऱ्याचें काम केलेलें असावें लागतें. त्यावर कांहीं आठवड्यांचें शिक्षण असतें, व तें बहुतेक सर्व डोंगरावरच देतात.

पहिला पाठ पाण्याचा. वाटेचा खरा शत्रु पाऊल नसून पाणी आहे. पाऊल माती सैल करतें, पण ती वाहून नेतें पाणी. म्हणून शिकणारांस पाऊस पडत असतांना मुद्दाम वाटेवर नेतात, व पाणी कोठून आंत शिरतें, कोठें वेग घेतें, कोठें सांचतें, हें नुसतें पाहावयास सांगतात. त्यानंतर त्यास उतार मोजणें, वाटेला बाहेरच्या अंगास किंचित् कल देणें, वाटेवर तिरपा आडवा दगडी बांध घालून पाणी बाहेर काढणें, व त्या पाण्यास निघून जाण्यासाठीं चर खणणें, ह्या गोष्टी शिकवितात. चर कोठें सोडावा हें विशेष महत्त्वाचें. कारण पाणी वाटेवरून काढून नाजूक हिरवळीवर सोडलें, तर एक जखम बुजवून दुसरी केल्यासारखें होतें.

दुसरा पाठ दगडाचा. कोंकणांत ज्यानें गडगा रचतांना पाहिला असेल त्यास ह्या विद्येची कल्पना चटकन् येईल. चुना किंवा माती न घालतां दगडावर दगड असा बसवावयाचा कीं, तो आपल्याच वजनानें आवळला जावा. सांध्यावर सांधा येऊं द्यावयाचा नाहीं. पायरीचा दगड जितका बाहेर दिसतो त्याहून पुष्कळ अधिक जमिनींत असावा लागतो. बसविल्यावर त्यावर उभें राहून अंग हालवून पाहावें. तो किंचितही डुलला तर काढून पुन्हां बसवावा. दगड आणावयाचा तोही वाटेलगतचा सोयीचा उचलावयाचा नाहीं. कारण त्याच्या आडोशास एखादें रोप वाढत असेल, आणि दगड काढल्यावर उरलेल्या खळग्यांत पाणी सांचेल. जेथें कांहीं उगवलेलें नाहीं अशा दगडांच्या घसरणीवरून तो आणावा लागतो. शेंकडों पौंड वजनाचा दगड तीन-चार जण पहारींनीं ढकलीत आणतात, किंवा तारेचा दोर व हातानें चालविण्याचें ओढयंत्र लावून उचलतात. ह्या वेळीं नायकानें स्वतः दगडास हात न लावतां असें उभें राहावें कीं, सर्वांचे हात, पाय व उताराची बाजू त्यास एकदम दिसेल. दगडाच्या खालच्या अंगास कोणीही उभें राहावयाचें नाहीं, आणि दगड सुटला तर तो थांबविण्याचा प्रयत्न न करितां मोठ्यानें ओरडून खालच्यांस सावध करावयाचें, हे नियम पहिल्या दिवशींच पाठ करून घेतात.

तिसरा पाठ जुन्या जखमा भरून काढण्याचा. नवी वाट झाली म्हणून जुनी आपोआप मिटत नाहीं. प्रथम तिचें तोंड दगडांनीं असें बुजवावें लागतें कीं, ती वाट आहे असें कोणास वाटूंच नये. पडलेल्या घळींत थोडथोड्या अंतरावर दगडांचे आडवे बांध घालून माती अडवितात. नव्या वाटेसाठीं जी हिरवळ काढावी लागते, तीं मुळांमातीसह निघालेलीं ढेंकळें फेंकून न देतां ओलीं ठेवून त्याच दिवशीं उघड्या जागेंत बसवितात, व कडा मातीनें बुजवितात. नाहीं तर वाऱ्यानें मुळें सुकून जातात. बीं पेरावयाचें तें त्याच डोंगरावर गोळा केलेलें असावें, म्हणजे परकें तण शिरत नाहीं. वरून काथ्याच्या किंवा तागाच्या जाळीदार चटया अंथरून त्या दगडांनीं दाबून ठेवितात. रोपें रुजेपर्यंत त्या माती धरून ठेवितात व पुढें आपोआप कुजून जातात. दरवर्षीं एकाच ठिकाणीं उभें राहून त्या जागेचें छायाचित्र घ्यावयाचें, हेंही नायकास शिकवितात. कारण येथील सुधारणा डोळ्यांस दिसण्याइतकी जलद होत नाहीं. न्यूयॉर्क संस्थानांतील ॲडिरॉन्डॅक डोंगरांत प्रो. एडविन केचलेज यांनीं उघड्या पडलेल्या शिखरांवर गवताचें बीं, चुना व खत टाकून आधीं माती स्थिर केली. मग त्या गवतांतूनच शेवाळ व मूळच्या वनस्पति हळूहळू परत आल्या.

हीच रीत आपल्या देशांतही उपयोगी पडली आहे. हिमालयांत वृक्षरेषेच्या वर जीं विस्तीर्ण कुरणें आहेत त्यांस गढवाल व कुमाऊं ह्या प्रांतांत बुग्याल म्हणतात, आणि महाराष्ट्रांतील कितीतरी तरुण दरवर्षीं पदभ्रमणासाठीं तेथें जातात. २०१८ सालीं उत्तराखंडच्या उच्च न्यायालयानें बुग्यालांत रात्रीं मुक्काम करण्यास मनाई केली. त्यानंतर उत्तरकाशी जिल्ह्यांतील दयारा बुग्याल येथें वनखात्यानें काथ्याच्या जाळ्या, बांबू व चीडवृक्षाचीं वाळलेलीं पानें वापरून झिजलेल्या घळी भरण्याचें काम केलें. समुद्रकांठच्या नारळाचा काथ्या दहा हजार फुटांवरील माती धरून ठेवण्याच्या कामीं यावा, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

चौथा पाठ हवामानाचा, आणि हाच सर्वांत कठीण. ता. ३० जून १९०० रोजीं, म्हणजे ऐन उन्हाळ्यांत, विल्यम कर्टिस व ॲलन ऑर्म्सबी हे दोघे गृहस्थ मंडळाच्या सभेसाठीं क्रॉफर्ड पाथनें माउंट वॉशिंग्टनवर निघाले. कर्टिस हा नामांकित व्यायामपटु होता. धारेवर त्यांस हिमाच्या वादळानें गांठलें, आणि दोघेही मरण पावले. त्यानंतर त्या वाटेवर निवाऱ्याची एक खोपी बांधण्यांत आली, व १९१५ सालीं त्याच परिसरांत दगडी विश्रामगृह झालें. परंतु खोपीपेक्षां मोठा धडा हा कीं, अंगांतील बळ हें वेळींच मागें फिरण्याच्या शहाणपणाची जागा घेऊं शकत नाहीं. कोलोरॅडोंत जुलै-ऑगस्टमध्यें दुपारीं विजांचीं वादळें वारंवार होतात. म्हणून पहांटेस काम सुरू करून ढग जमण्यापूर्वीं वृक्षरेषेखालीं उतरावें, असा तेथें परिपाठ आहे. नायक होऊं इच्छिणाऱ्यापुढें शिक्षक असे प्रसंग मुद्दाम उभे करितात: पायरीचा दगड अर्धा बसला आहे, आणखी अर्ध्या तासांत काम पुरें होईल, मुलें उत्साहांत आहेत, आणि पश्चिमेस ढग काळवंडत आहे. काय कराल? अपेक्षित उत्तर एकच असतें. लोखंडी पहारी जेथें आहेत तेथें खालीं ठेवावयाच्या, माणसें मोजावयाचीं, व उतरावयाचें. दगड उद्यांही तेथेंच असतो. ह्याच पाठांत सत्तर-ऐंशी तासांचें प्रथमोपचाराचें शिक्षणही येतें. एकजण जखमी झाल्याचें सोंग करून पडतो, आणि इतरांनीं त्याची परीक्षा, शुश्रूषा व वाहून नेण्याची व्यवस्था करून दाखवावयाची असते. शिवाय धोका दिसल्यास तुकडींतील सर्वांत धाकट्या मुलासही ‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार आहे, व तें ऐकल्याबरोबर सर्वांनीं थांबावयाचें, हा नियम नायकानें पहिल्याच सकाळीं सांगावयाचा असतो.

पांचवा पाठ माणसांचा. येथें शिकणारे पुष्कळदां अडखळतात. कारण जो स्वतः कामांत तरबेज असतो त्यास दुसऱ्याचें ओबडधोबड काम पाहवत नाहीं. नवशिका मुलगा दगड तीनदां चुकीचा बसवितो. नायक जर पुढें होऊन पहार हिसकावून घेईल, तर पायरी लौकर होईल, पण मुलगा जेथल्या तेथें राहील. म्हणून त्यास असें शिकवितात कीं, एकदां समजावून सांगावें, एकदां करून दाखवावें, एकदां बरोबर करावें, आणि मग हात मागें बांधून पाहत राहावें. दगड का डुलतो, हें मुलास विचारावें. उत्तर आपण देऊं नये. कोण दमला आहे, कोण पाणी पीत नाहीं, कोणास घरची आठवण येते, कोण थट्टेच्या आड भीति लपवीत आहे, हें ओळखणें हाही त्याच्या कामाचाच भाग. सकाळीं काम सुरू होण्यापूर्वीं दिवसाचे धोके सांगावयाचे, व रात्रीं जेवणानंतर दिवस कसा गेला हें सर्वांस विचारावयाचें. भांडीं घांसण्याची व पाणी आणण्याची पाळी नायकासही चुकत नाहीं. गुरूनें कमरेस रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतल्याची गोष्ट आपल्या शाळेंत प्रत्येक विद्यार्थ्यानें ऐकली आहे. अधिकार व सेवा हीं दोन नसून एकच आहेत, हें ज्यास पटलें नाहीं त्याच्या मागें मुलें डोंगर चढतात खरीं, पण मनापासून चढत नाहींत.

वाट बांधून झाली तरी ती वापरणारांस समजावून सांगणारा कोणी पाहिजे. ॲडिरॉन्डॅकमधील शिखरांवर १९८९ साली निघालेल्या एका योजनेखालीं उन्हाळ्यांत तरुण पहारेकरी बसतात. ते कोणास दंड करीत नाहींत. येणारांशीं गोड बोलून, गवतासारखें दिसणारें हें गवत साधें नाहीं, कृपा करून दगडावरूनच चाला, एवढें सांगतात. पायथ्याशीं पिशव्यांत भरून ठेविलेले लहान दगड प्रवासी आपण होऊन वर नेतात, व ते वाटेच्या कडा रचण्यास उपयोगीं पडतात. ह्या तरुणांस इंग्रजींत जें नांव आहे त्याचा अर्थ आपल्या बायबलांतील मराठीप्रमाणें ‘कारभारी’ असा होतो; म्हणजे दुसऱ्याची मालमत्ता विश्वासानें सांभाळणारा. नायकाच्या सर्व शिक्षणाचें सार ह्या एका शब्दांत येतें. डोंगर त्याचा नाहीं, मुलें त्याचीं नाहींत, आणि वाटेवर त्याचें नांवही कोरलें जात नाहीं. काम उत्तम झालें असेल तर चालणाराच्या तें लक्षांतही येत नाहीं. त्याचे पाय कोरडे राहतात इतकेंच. परंतु दुसऱ्या उन्हाळ्यांत त्याच तुकडींतला एखादा मुलगा किंवा मुलगी नव्या तुकडीपुढें उभी राहून पहिल्या सकाळचा नियम सांगूं लागली, म्हणजे जुन्या नायकाचें काम साधलें असें समजावें.

आपल्या सह्याद्रींत वृक्षरेषा नाहीं. कळसूबाईचें शिखर ५,४०० फूट उंच, तेथेंही थंडीमुळें झाडें थांबत नाहींत. तथापि साताऱ्याजवळच्या कास पठारासारख्या जागीं खडकावरील पातळ मातींत पावसाळ्याच्या अखेरीस जीं रोपें फुलतात, तीं पायांखालीं तितक्याच सहज चिरडतात. आणि गडकोटांच्या वाटांवरही पावसाचें पाणी हेंच काम करीत असतें. गडांवर श्रमदानास जाणाऱ्या तरुणांच्या तुकड्या महाराष्ट्रांत आज कितीतरी आहेत, व ह्या शाळेंतील विद्यार्थीही पुढें त्यांत जातील. त्यांनीं जातांना घमेलें व कुदळ जरूर न्यावी. परंतु पहिल्या दिवशीं कांहीं वेळ नुसतें उभें राहून पाणी कोठून वाहतें तें पाहावें, दगड उचलण्यापूर्वीं त्याखालीं काय आहे तें पाहावें, आणि आपल्यापेक्षां धाकट्याच्या हातीं पहार देऊन त्यास पुरेसा वेळ द्यावा. पालकांनींही आपला मुलगा किंवा मुलगी अशा कामास निघाल्यास, किती उंच जाणार हें विचारण्याआधीं, तुमचा नायक कोण आहे, व मागें फिरावयाचें केव्हां हें त्यास कळतें काय, असा प्रश्न अवश्य विचारावा.